एआयची सुरुवात रिजेक्शनच्या वहीपासून व्हावी

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील लहान कारखानदारांपुढे सध्या 'सगळा कारखाना एआयवर आणा' असा आग्रह वरचेवर धरला जातो. लहान फौंड्री (धातू ओतून भाग बनवण्याचा कारखाना) आणि तिला जोडून मशीन शॉप चालवणारा एक कारखानदार म्हणून या आग्रहाबद्दल चार गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून ऑफिसच्या कामात त्याचा उपयोग होऊ लागला आहे. परगावच्या ग्राहकाला इंग्रजीत पाठवायचे पत्र, कोटेशनचा मसुदा, तक्रारीचे उत्तर ही कामे आमच्याकडेही त्यावर होतात आणि चांगली होतात. परंतु फौंड्रीचे नफा-नुकसान ठरते ते रिजेक्शनवर, म्हणजे दोषामुळे नाकारल्या जाणाऱ्या मालावर. ग्राहकाकडे मशिनिंग सुरू झाल्यावर कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) पोटातला ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) उघडा पडतो, आणि तोपर्यंत भट्टीची वीज, मोल्डिंगची (साचे बनवण्याची) मजुरी, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) आणि वाहतूक हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो. वाळूत ओलावा जास्त होता, कोअरमध्ये (साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यात) गॅस राहिला, मोल्डला व्हेंट (वायू बाहेर जाण्याची छिद्रे) कमी पडले की धातू ओतेपर्यंत थंड झाला, हे शोधायचे तर त्या हीटची (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूची) पूर्ण नोंद हाताशी हवी. प्रत्यक्षात वाळूच्या ओलाव्याची नोंद एका वहीत, स्पेक्ट्रोमीटरचा (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट दुसऱ्या फाईलमध्ये, ओतण्याचे तापमान भट्टीजवळच्या फळ्यावर, जो पाळी बदलली की पुसला जातो, आणि रिजेक्शनचे कारण 'माल खराब' एवढ्याच दोन शब्दांत, अशी अनेक ठिकाणची परिस्थिती आहे. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? त्यातही धोका असा की, अपुऱ्या माहितीवरही एआयची साधने मोठ्या खात्रीने एखादे कारण सांगून मोकळी होतात, आणि त्यावर विसंबून वाळूचे मिश्रण बदलले तर चांगला निघणारा मालही बिघडतो.

नोंदी नीट व्हायच्या असतील तर मोल्डर आणि भट्टीवरचा माणूस यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे लागेल. वाळू मुठीत दाबून, ती मोडताना कशी तुटते हे पाहून ओलाव्याचा अंदाज सांगणारे जुने मोल्डर आजही आपल्याकडे आहेत. मोबाईलवर मराठीत बोलून मजकूर उमटवता येतो, त्यामुळे पाळी संपल्यावर ऑफिसात बसून त्यांचे निरीक्षण हीट नंबरसह नोंदवून घेणे अवघड नाही. अडचण आहे ती विश्वासाची. खरे कारण सांगितले तर आपला पगार कापला जाईल, अशी भीती असेपर्यंत कोणीही खरे सांगणार नाही. म्हणून या नोंदींवरून कोणाचीही मजुरी कापली जाणार नाही, हे मालकाने लेखी द्यावे, असे माझे ठाम मत आहे. सॉफ्टवेअरची निवड त्यानंतरची गोष्ट.

आणखी एक काळजी घ्यायला हवी. ग्राहकाचे ड्रॉईंग ही त्याची मालमत्ता असते आणि ते गुप्त ठेवण्याचे आपण त्याला लिहून दिलेले असते. ते मोफत एआय सेवेवर चढवण्याचा मोह ऑफिसातील प्रत्येकाने टाळायला हवा.

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये 10,300 कोटी रुपयांहून अधिक तरतुदीचे इंडिया एआय मिशन मंजूर केले आणि त्यातील मोठा वाटा संगणकीय क्षमतेसाठी आहे. देशाला त्याची गरज असेल. पण लहान फौंड्रीला आज हवा आहे तो कारखान्यात येऊन, नोंदी पाहून, त्या एका जागी कशा आणायच्या हे दाखवणारा माणूस. जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हेच काम द्यावे, आणि उद्योजकांच्या संघटनांनी रिजेक्शनच्या कारणांचा एक समान मराठी तक्ता, प्रत्येक दोषाच्या छायाचित्रासह, छापून सर्व फौंड्रींना द्यावा, अशी माझी विनंती आहे. कारण सगळीकडे एकाच नावाने नोंदले गेले, तर अनेक लहान फौंड्रींची माहिती, ग्राहकांची नावे वगळून, एकत्र करता येईल. एकट्या कारखान्याकडे तेवढ्या नोंदी कधीच जमणार नाहीत. तक्त्यासाठी सदोष कास्टिंगचे नमुने आणि आमच्या जुन्या वह्या द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, शिरोली, कोल्हापूर