भीती लपवायची कुठे, दाखवायची किती

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

अ‍ॅनिमेशन मुलांचं आणि भयपट मोठ्यांचे, अशी सरळ वाटणी तू करून टाकलीस. मला ती अजिबात मान्य नाही. घाबरवण्याचं कसब दोन्हीकडे एकच असतं, आणि ज्या कौटुंबिक अ‍ॅनिमेशनपटात ते नसतं तो मला पोकळ वाटतो.

1942 सालच घे. त्या एका वर्षात 'बॅम्बी' हा अ‍ॅनिमेशनपट आला आणि 'कॅट पीपल' हा भयपटही आला. पहिल्यात पाडसाची आई मरते, पण मरताना दिसत नाही. ती पळायला सांगते, पाडस जीव घेऊन धावतं, बंदुकीचा बार होतो, आणि मग पडत्या बर्फात आईला हाका मारणारं एकटं पाडस. दुसऱ्यात निर्मनुष्य रस्त्यावरून रात्री एक बाई चालली आहे. मागून पावलं वाजतात, मध्येच थांबतात. ती वेग वाढवते, आणि अचानक फिस्स करून अगदी अंगाशी येते ती बस! मागावर असलेलं श्वापद दिसतच नाही. निर्माते व्हाल ल्यूटन यांच्या नावावरून अशा खोट्या दचक्याला अजूनही 'ल्यूटन बस' म्हणतात.

त्याआधीच्या, 1940च्या 'पिनोकिओ' या अ‍ॅनिमेशनपटात तर हे कसब कळसाला पोचलंय. उनाड मुलाचं गाढव होतं तेव्हा आधी कान आणि शेपूट येतात, ते हसण्यावारी जातं. मग विनवणी करणाऱ्या हातांचे खूर होतात. उरलेलं रूपांतर फक्त भिंतीवरच्या सावलीत, आणि आईला मारलेली हाक गाढवाच्या ओरडण्यात विरून जाते. विनोदाकडून भीतीकडे इतक्या पायऱ्यांनी नेणारे भयपट मोठ्यांसाठीही थोडेच निघतात.

हल्ली दोन्हीकडे घाई झाली आहे. भयपटात दचका बसवण्याची रीत ठरलेली आहे: पार्श्वसंगीत बंद, चौकटीची एक बाजू मुद्दाम रिकामी, पात्र वळून बघतं, काही नाही, प्रेक्षक श्वास सोडतो आणि तेवढ्यात दणका. एकदा चालतं. तिसऱ्यांदा प्रेक्षक शांतता झाली की आपोआप कान झाकतो आणि पडद्याकडे बघणंच सोडतो. दुसरी खोड म्हणजे भुताची अख्खी कुळकथा सांगणं. भूत कोण, कधी मेलं, काय केलं की जाईल, हे कळलं की ते कोडं होतं आणि भीती संपते. अ‍ॅनिमेशनमधली खोड उलटी. भीती जरा कुठे जमतेय तोच बाजूचं पात्र विनोद करतं. भयप्रसंगानंतर पहिला विनोद किती सेकंदांनी येतो ते मोजत जा. दिग्दर्शकाचा मुलांवर किती विश्वास आहे ते लगेच समजतं.

मुलांच्या भीतीबद्दल एक नीट ध्यानात ठेव. साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्याला घाबरतं: विद्रूप चेहरा, ओळखीच्या माणसाचं बदलत जाणं. त्यापुढे 'असं खरंच होऊ शकेल का' ही भीती येते. घर सुटणं, आई हरवणं. म्हणून लहान मुलाला 'हे खोटं आहे' सांगून उपयोग होत नाही, जवळ घेऊन बसल्याने होतो. मोठ्या मुलाला मात्र समजावून सांगितलेलं पटतं.

आता घरी बघण्याबद्दल, कारण निम्मा खेळ तिथेच बिघडतो. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग आधी बंद कर. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, आणि हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बरेचदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो आणि हालचालीतला ठेका पार बुळबुळीत होतो. काळोखी प्रसंगात ब्राइटनेस वाढवू नकोस. काळा रंग राखाडी होतो आणि दिग्दर्शकाने लपवलेलं आधीच दिसतं. त्याऐवजी पडदे ओढ, दिवे मालव. आवाजाचंही तसंच. टीव्हीच्या स्पीकरवर संवाद पुटपुटल्यासारखे येतात, म्हणून आपण आवाज वाढवतो आणि पुढचा दणका कानठळ्या बसवतो. सेटिंगमधला नाइट मोड मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. मुलांसोबत बघताना तो चालू ठेव. एकटा भयपट बघताना बंद कर, नाहीतर दचक्यातला जीवच जाईल.

मुलीसाठी पहिला भयपट विचारलास तर माझं मत दिग्दर्शक हेन्री सेलिक यांच्या 2009च्या 'कोरलाइन' या अ‍ॅनिमेशनपटाला, पण ती आठ-नऊ वर्षांची झाल्यावर. यातल्या बाहुल्या खऱ्याच आहेत, एकेक फ्रेम हलवून चित्रित केलेल्या. चेहऱ्यावरचे भाव बदलायला थ्रीडी प्रिंटरवर छापलेले वेगवेगळे चेहरे लावले आहेत. कापडावर खरा उजेड पडतो, त्यामुळे तिथलं जग हाताला लागेलसं वाटतं आणि भीतीही तितकीच जवळ येते. शिवाय कोरलाइन या मुलीला घरातल्या एका छुप्या दारापलीकडे दुसरं जग सापडतं, आणि तिथली आई सुरुवातीला लाडच करते. चांगलंचुंगलं खाऊ घालते, वेळ देते. डोळ्यांच्या जागी बटणं आहेत, एवढंच. लाडाच्या पोटी धोका ठेवणं हे फार वरच्या दर्जाचं लेखन आहे.

एक कर, मुलगी घाबरली म्हणून अगदी ऐन प्रसंगात चित्रपट बंद करू नकोस. तिथे थांबलं तर तेवढंच चित्र डोक्यात राहतं. आवाज कमी कर, तिला कुशीत घे, कोरलाइन त्या तावडीतून सुटेपर्यंत चालू दे आणि मग थांबव. पुढचा भाग दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी बघितलात तरी चालेल.

तुझा मित्र