फुटाळ्याच्या काठावरील अनोळखी मदतनीसांचे आभार
मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकू लागला की जलरंगाचा ओला थर पसरण्याआधीच वाळतो आणि चित्रातल्या आकाशात नको त्या कडा उमटतात. म्हणून भोसलेकालीन फुटाळा तलावाचे निसर्गचित्र रंगवण्यासाठी मी पहाटेच काठावर बसलो होतो. वाऱ्याच्या झोताने चित्रफलक उलटला, तेव्हा ओला कागद कडांना धरून अलगद उचलणारे काका, विखुरलेल्या रंगाच्या वड्या वेचणारी दोन मुले आणि ब्रश धुण्याचे पाणी सांडल्याचे पाहून आपल्या माठातले पाणी देणाऱ्या चहावाल्या ताई यांची नावे विचारायची राहून गेली. पाण्यावरचा तो कोवळा प्रकाश जेमतेम अर्धा तास टिकतो. आपल्यामुळेच तो मला कागदावर उतरवता आला. आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.