बाबा, भिंग काढून ठेवा

फ्लिक आं फ्लाक, मॉरिशस
बुधवार, रात्री साडेनऊ (तुमच्याकडे अकरा वाजले असतील)

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, निघताना तुम्ही बजावलं होतं, "गाइड आधी दुकानात नेतो, मग देवळात." अगदी तस्सं झालं. सकाळी गाडीत बसलो आणि पहिला मुक्काम लाकडी जहाजांच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात. काम बारीक आहे, शिडांच्या दोऱ्यासुद्धा खऱ्यासारख्या ताणलेल्या. पण ते जहाज विमानातून आणायचं कसं? तुमचे जावई तरी पाऊण तास भाव विचारत बसले. मी बाहेर गाडीशी आले, तर आमचा गाइड ओशाळून म्हणाला, "बोलना नहीं किसी को, मुझे भी यह दुकान पसंद नहीं." तिथून आमचं जमलं.

वय असेल पन्नाशीचं. क्रिओल, फ्रेंच, इंग्रजी आणि सिनेमातून शिकलेली हिंदी, सगळं एकाच वाक्यात.

क्युरपीपला विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड बघितलं, म्हणजे धुकंच बघितलं. तिथे सारखा पाऊस असतो म्हणे. पुढे गंगा तलाव. तोही ज्वालामुखीच्या विवरातच साठलेला, आणि वाटेवर १०८ फुटी शंकर उभा. आई, तुझ्यासाठी पाण्याची बाटली भरणार होते, तेवढ्यात कळलं की १९७२ मध्ये इथल्या लोकांनी आपल्याकडूनच गंगेचं पाणी आणून या तळ्यात ओतलं होतं. मग म्हटलं, राहू दे. महाशिवरात्रीला बेटभरची माणसं इथवर चालत येतात, कावडी सजवून. आज मात्र माकडांचंच राज्य होतं. माझ्या हातातलं केळं गेलं.

शामारेलच्या सातरंगी मातीचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. खरी माती त्यापेक्षा शांत दिसते, तांबडी, जांभळट, पिवळसर. लाव्ह्याचा खडक झिजून झिजून ही माती झाली. लोहाची तांबूस-तपकिरी, ॲल्युमिनियमची निळसर. कुंपणाबाहेरूनच बघायची. सात रंग काही मला मोजता आले नाहीत, पाचावर अडकले.

जेवायला त्याने हॉटेलात नेलंच नाही. रस्त्याकडेच्या गाडीवर 'दालपुरी' घेतली. मऊ पोळी, आत वाटलेली डाळ, वर वालासारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची उसळ आणि मिरचीचा ठेचा. इथे ती जोडीनेच मागायची, 'एन पेर' म्हणून. आई, पुरणपोळी गोड करायची विसरलं कुणी तर अशी होईल. मी दोन जोड्या खाल्ल्या.

मग घाट उतरून ल मॉर्न. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा उभा कडा. पळालेले गुलाम वर कपारींत लपून राहायचे. १८३५ मध्ये गुलामी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच आले असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी इथली आख्यायिका आहे. खाली पाणी इतकं निळं की ते ऐकताना कुठे बघावं कळेना.

तिथेच वाळूत बसून मी सहज विचारलं, तुमचं घराणं कुठलं? तो उठला, गाडीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला कागद घेऊन आला. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत भारतातून इथे आणलेल्या मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत, तिथून काढलेली नक्कल. पणजोबांचा क्रमांक, वय, उंची, बंदर मुंबई, जिल्हा रत्नागिरी. आडनाव नाहीच. कारकुनाने बापाचं नावच पुढे लावलं आणि आज तेच यांचं आडनाव आहे. मराठी म्हणाल तर आरत्या पाठ, गणपतीला घरी मूर्ती (इथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते), पण बोलता येत नाही. आरती मात्र त्याने म्हणून दाखवली, आणि कुठेही अडखळला नाही. आम्ही दोघं शेवटच्या कडव्याला गडबडलो.

गावाच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत काहीतरी खरडलंय. 'के' किंवा 'आर'ने सुरू होतं, शेवट 'ली' किंवा 'डी'. त्याने आजवर कितीतरी भारतीय पर्यटकांना दाखवलं म्हणे, कुणाला लागलं नाही.

बाबा, तुम्ही सातबारे वाचण्यात जन्म घातलात. फोटो दादाच्या फोनवर पाठवलाय, त्याच्याकडून मोठा छापून घ्या आणि भिंगाखाली बघा. घाईघाईने कुठलंही गाव सांगू नका. तो माणूस तिकीट काढून तिथे जाईल. शनिवारी विमानतळावर सोडायला तोच येणार आहे.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग. बाकी आल्यावर.

तुमची लेक