दुनळी गावाला येणार नाही

नौपाडा, ठाणे
१४ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

गृहप्रवेशाला आजोबांची दुनळी बंदूक आण, अंगणात दोन बार काढू, असं सांगायला परवा तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होतो. गर्दीत बोलता येईना म्हणून नुसतं 'बघू' म्हणालो. पण तू त्या 'बघू'चा अर्थ 'हो' असा घेतला असणार, आणि कदाचित वाडीत सांगूनही टाकलं असशील. म्हणून सविस्तर लिहितोय. नवीन घराचा गृहप्रवेश दसऱ्याला आहे, त्याला मी नक्की येणार. पण आजोबांची बंदूक आणणार नाही. तुझ्या अंगणात तिचे दोन बार काढायचे नाहीत. माझ्या हयातीत कुठेच काढायचे नाहीत.

चिडू नकोस. आधी सगळं वाच.

१९९८ चा मे आठव. तुझ्या ताईच्या लग्नाला दोन दिवस होते, आणि तुमच्या परसातल्या गडग्यावर आपण डालड्याचा रिकामा डबा ठेवला होता. बाबांनी मोजून चार काडतुसं दिली. दोन तू उडवलीस, दोन मी. तुझा खांदा काळानिळा झाला आणि तू लग्नात आठवडाभर डाव्या हाताने जेवलास, तरी सगळ्यांना अभिमानानं दाखवत होतास. आजही तू ती गोष्ट सांगतोस तेव्हा तुझे डोळे चमकतात, माझेही. मला त्या संध्याकाळइतका आनंद फार कमी वेळा झाला आहे. आता त्या चार काडतुसांबद्दल जे कळलं ते सांगतो.

बाबा गेले त्यानंतर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली. परवानाधारक गेला की शस्त्र घरात ठेवता येत नाही, वारसाच्या नावाने परवाना होईपर्यंत ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावं लागतं. मग माझी धावपळ सुरू झाली. बहिणींची ना हरकत, शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलीस आयुक्तालयाच्या खेपा. मधेच आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही दोन गल्ल्या पलीकडे भाड्याने राहायला आलो, म्हणून पत्ता बदलण्याचा अर्ज वेगळा. या सगळ्यात दोन पावसाळे गेले. बंदूक हातात आली तेव्हा नळ्यांवर तांबूस गंज चढला होता आणि दस्ता पांढुरका पडला होता. मला रडू आलं, खरंच. आजोबा दर रविवारी तिला पुसत असत रे.

तशीच ती मुंबईला एका परवानाधारक दुकानातल्या जुन्या कारागिराकडे नेली. वय सत्तरीच्या पुढे, बोटं दोरखंडासारखी. त्यांनी आधी एक शब्दही विचारला नाही. पुढचा लाकडी तुकडा काढला, नळ्या खाली झुकवून सोडवल्या, मागच्या आकड्याशी एका बोटावर लटकत धरल्या आणि दुसऱ्या हाताच्या पेराने हलकेच टिचकी मारली. बाळ्या, देवघरातली घंटा वाजावी तसा नाद निघाला, लांबत गेला. ते म्हणाले, "जोड शाबूत आहे." दोन नळ्यांमधली पट्टी कुठे सुटली असती तर बद्द आवाज आला असता. मी इतकी वर्षं ती बंदूक हाताळली, पण तिला आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी कापसाला काहीतरी लावून नळीचा एक टीचभर भाग पुसला. तपकिरी रंगाखालून सागाच्या फळीवर असतात तशा रेषा वर आल्या, वळणं घेत, एकसारख्या. या पिळाच्या नळ्या. लोखंड आणि पोलाद यांच्या सळ्या एकत्र पिळून त्यांची पट्टी करायची, ती पट्टी गजाभोवती गुंडाळत न्यायची आणि भट्टीत तापवून ठोकून ठोकून एकजीव करायची. म्हणजे आपल्या दुनळीची नळी ही सलग नळी नाहीच. ती एक लांबच लांब सांधा आहे, टोकापर्यंत वळसे घेत गेलेला. इतकं सुंदर काम मी दुसरं पाहिलेलं नाही. पण त्या सांध्यात कुठे भट्टीतली मळी अडकून राहिली असेल, किंवा शंभर वर्षांत आतून गंज शिरला असेल, तर तो बाहेरून दिसत नाही.

नंतर त्यांनी नळ्या उलट्या केल्या आणि खालच्या सपाट भागावर भिंग धरायला लावलं. तिथे बारीक शिक्के आहेत. बर्मिंगहॅमला १८१३ साली कायद्याने बंदुका तपासायचं प्रूफ हाऊस उभं राहिलं. तिथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत, आणि नळी टिकली तर शिक्का मारत. आपल्या बंदुकीवर मुकुटाखाली राजदंडांची फुली आहे. ती खूण १९०४ पर्यंतच मारत. शेजारी चौकटच्या आकारात १२ आणि त्याखाली सी, ही खूण १८८७ नंतरची. म्हणजे आजोबांची बंदूक या दोन सालांच्या मधली. घरात सगळे 'शंभर वर्षांची' म्हणायचे. ती त्याहून मोठी निघाली!

जी खूण हवी होती ती मात्र तिथे नाही. १९०४ पासून नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर मुकुटाखाली एन पी असा शिक्का मारू लागले. आपल्या बंदुकीवर तो नाही. ती तपासली गेली काळ्या दारूवर. शोरा, गंधक आणि कोळसा, तुमच्याकडच्या ठासणीच्या बंदुकीत भरतात तीच. बाजारात मिळणारं आजचं काडतूस हे बिनधुराच्या दारूचं.

यापुढचं ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. त्यांनी नळीत मागे जिथे काडतूस बसतं त्या घरात एक पितळी माप सरकवलं, ते अडीच इंचांवर थांबलं. म्हणजे हे घर बाजारात ६५ मिलिमीटरचं म्हणतात त्या काडतुसाचं. मग त्यांनी टेबलावर दोन काडतुसं ठेवली, एक न उडवलेलं, एक उडवलेलं. दोन्ही ७० मिलिमीटरची, पण न उडवलेलं सेंटिमीटरभर आखूड, कारण त्याचं तोंड दुमडून बंद केलेलं असतं. ७० हे माप तोंड उघडल्यानंतरचं. म्हणून ते आपल्या बंदुकीत अगदी नीट बसतं, कुठेही अडत नाही. उडाल्यावर मात्र दुमडलेलं तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या अरुंद भागात घुसतं, वाट आवळली जाते आणि मागे दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं असं आपण समजलो. बाबाही तसंच समजले. बाबांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी आपला डावा हात नळ्यांच्या खाली होता, बाळ्या. तोंड दस्त्याला टेकलेलं होतं. आणि ताई दोन हातांच्या अंतरावर उभी राहून हसत होती.

घरी येताना लोकलमध्ये मी ती चार काडतुसं पुन्हा पुन्हा मोजत होतो.

आता तू म्हणशील, मग अर्ध्या भाराची काडतुसं करून घेऊ, ६५ ची शोधू, काळी दारू भरू. मी विचारलं तेही. त्यांनी मागून नऊ इंचांवर नळीचा व्यास मोजला. बारा बोअरची नळी १८.५ मिलिमीटरची हवी. (बारा का, हे मला त्यांनीच सांगितलं: एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी लहान.) आपली उजवी नळी १८.९ भरली. कोणीतरी कधीतरी आतला गंज घासून काढला, पुन्हा गंज चढला, पुन्हा घासला. जेवढं घासलं तेवढी भिंत पातळ झाली. उजेडाकडे धरून पाहिलं तर तरीही आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे आहेत. त्यांनी नळ्या पुसून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "हिनं आपलं काम केलंय."

नातेवाइकांपैकी एकाने सुचवलं की नळ्यांना भोकं पाडून घे, परवान्याची कटकट संपेल, हॉलमध्ये शोभेला लाव. मला ते ऐकवलं नाही. पिळाच्या नळीला ड्रिल लावायचं? ती अख्खीच राहील. परवान्यावर राहील, पाच वर्षांनी नूतनीकरण करीन, निवडणुका आल्या की आदेशाप्रमाणे जमा करीन. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला आता तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. माझ्या दोनांपैकी एक जागा हिची, कायमची. त्याच दुरुस्तीत आनंदाप्रीत्यर्थ बार काढून कोणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं आलं आहे. तुझ्या अंगणात तेव्हा शंभर माणसं असतील, पोरंटोरं असतील. कायदा नसता तरी मी नाहीच म्हणालो असतो.

तू विचारलंस, मग नुसती पुसत बसायची का? हो. आणि त्यात मला किती समाधान आहे हे तुला कसं सांगू. ठाण्याच्या जुलैत भिंतींना पाझर फुटतो, तिथे लोखंडाचं काय. ती चामड्याच्या पेटीतून मी आधी बाहेर काढली, कारण चामडं ओल धरतं. आता कपाटात नळीचं तोंड खाली करून ठेवतो, म्हणजे तेल दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडत नाही. हात लावला की बोटांच्या घामाचे ठसे लगेच पुसायचे, नाहीतर आठवड्यात तिथे तांबडा डाग उठतो. दोन्ही घोडे खोट्या काडतुसांवर सोडून ठेवतो, स्प्रिंगांना ताण नको. लेक शेजारी बसून चिंध्या फाडून देते. तिला शिक्के तोंडपाठ आहेत.

आणि नेमबाजी मी सोडलेली नाही. रविवारी क्लबात .२२ रायफलीनं पन्नास मीटरवर बसतो. तिथल्या निशाणावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. २०२४ ला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला याच अंतरावर कांस्य आणलं, तेव्हापासून क्लबात मुलांची रांग लागली आहे. तू ठाण्याला आलास की तुला घेऊन जातो. पाहुण्याला नेम धरू देता येतो का ते आधी रीतसर विचारून ठेवतो.

एक गोष्ट राहिली. बंदुकीच्या पेटीत तळाशी पणजोबांचा परवाना सापडला, घड्यांवर फाटलेला. तो वाचताना वाटलं, हा कागद मिळवायला त्यांना कोणापुढे किती वेळा वाकावं लागलं असेल. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्यानं आपल्या लोकांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद केलं आणि गोऱ्यांना सूट दिली. दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. गावाला येताना पनवेल सोडलं की शिरढोण लागतं, त्यांचं जन्मगाव. आपण लहानपणी एसटीत झोपलेले असायचो. आता मी तिथे जागा असतो.

तर ठरलं असं. खंडेनवमीला बंदूक इथेच पाटावर ठेवून पूजीन, हळदकुंकू दस्त्याला नको, नुसता झेंडू वाहीन. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघायचा विचार होता, पण तूच आधी ठाण्याला येशील का? नवमीला ये, पूजेला बस. नळ्या सोडवून तुझ्या हातात देतो, टिचकी तू मार. मग आपण मिळून गावाला जाऊ, ताईलाही वाटेत घेऊ. तिला हे सगळं मीच सांगेन, तू बोलू नकोस.

झेंडू तुझ्या परड्यातला आण. इथला बाजारातला सकाळीच मान टाकतो.

तुझा,
राजा

ता. क. वाडीत सांगून टाकलं असशील तर माझं नाव घेऊन मोकळा हो. राजा नाही म्हणाला असं सांग.