नाव न सांगता धावून आलेल्यांचे आभार

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या खारपट्टीत बाहेरकाठ्यावरून, म्हणजे खाडीकडच्या मातीच्या बांधावरून, खाडीवर जाणारी वहिवाटीची वाट जमीनमालकाने तारेच्या कुंपणात घेतली होती. तहसीलदारांच्या आदेशाने ती मोकळी झाली. ज्यांच्यामुळे झाली, त्यांतल्या अनेकांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत.

कचेरीच्या आवारात भेटलेले एक काका म्हणाले, "दिवाणी दाव्यात वर्षं जातील. मामलेदार (म्हणजे तहसीलदार) न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 बघा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा." एवढं बोलून ते एसटी पकडायला धावले. त्यांना साधा चहाही पाजता आला नाही.

मधे उधाणाच्या रात्री उघाडीजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या दाराजवळ, बांधाला खांड गेली, भगदाड पडलं. कुंपणामुळे जायला वाट नाही, तर पलीकडच्या काठाची माणसं होडीतून पेंढा घेऊन आली आणि चिखलात उभी राहिली. खारं पाणी शेतात शिरलं की भाताचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. खोतांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, 1933 ते 1939 चरी गावचा शेतकरी संप चालवणाऱ्यांचीच ही पतवंडं, असं आमचे म्हातारे म्हणतात. खरंखोटं तीच जाणोत.

त्या रात्रीचं एक घमेलं आणि दोन फावडी समाजमंदिरात ठेवली आहेत. न्यायला या, आणि जेवूनच जा.

– समस्त ग्रामस्थ