घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या सर्व सदस्यांसाठी: इमारत सुरक्षेची पाहणी

नमस्कार,

येत्या सोमवारपासून आपल्या गटाची सुरक्षा समिती प्रत्येक पाळणाघराला भेट देणार आहे. मुले घरी गेल्यावर, संध्याकाळी 7 नंतरच येऊ. सोयीचा दिवस शुक्रवारपर्यंत गटावर कळवा.

त्याआधी एवढे नक्की करून ठेवा:

• बाहेर पडायचे दोन मार्ग मोकळे हवेत. दारामागे चपलांचे कपाट, सायकल, खोकी नकोत. मुले आत असताना दार आतून किल्लीशिवाय उघडले पाहिजे. धुरात किल्ली सापडत नाही, म्हणून यावर मी सर्वात जास्त जोर देते आहे. चालता न येणारी बाळे दाराजवळच्या खोलीत झोपवा.

• गॅलरी आणि जिन्याच्या कठड्यात दोन गजांमधले अंतर 10 सेंटीमीटरपेक्षा कमी असावे. मोजपट्टीने मोजा, अंदाज नको. कठड्याजवळ किंवा खिडकीखाली खुर्ची, स्टूल, कुंडी ठेवू नका. मुले त्यावरच चढतात.

• कपाटे आणि टीव्ही भिंतीला पक्के करा. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या उंच बांधा.

• धूरसूचक यंत्राचे बटण दाबून आवाज येतो का ते पाहा. अग्निशामकावरची मुदत वाचा.

भाड्याच्या घरात भिंतीला छिद्र पाडण्यासाठी मालकांची परवानगी आधीच घ्या. खर्चामुळे एखादे काम अडत असेल तर संकोच न करता मला वेगळा निरोप पाठवा, मार्ग काढू. पण कठडा आणि बाहेरची वाट या दोन बाबतींत सवलत मिळणार नाही.

– सचिव, सुरक्षा समिती