चौथ्या इनिंगपासून कोण टाकत होतं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन बेसबॉलपटू सॅचेल पेजवरचा लेख वाचला, मराठी पेपरात बेसबॉलवर कोणी एवढं मन लावून लिहिलं याचाच खूप आनंद झाला. पण त्यात हिल्टन स्मिथचं नाव एकदाही नाही हे फार लागलं, म्हणून लिहितोय.

दोघंही कॅन्सस सिटी मोनार्क्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या टीमचे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे. कृष्णवर्णीयांना मेजर लीगची, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगची, दारं बंद, म्हणून १९२० मध्ये याच कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. पण नुसत्या लीगवर टीमचं पोट भरायचं नाही, बसने गावोगाव फिरून मॅच खेळायच्या आणि पब्लिक यायचं ते पेजला बघायला, मग तो पहिल्या तीन इनिंग टाकायचा आणि नऊपैकी उरलेल्या सहा स्मिथ, असं कितीतरी वेळा झालं, आणि तरी लोक स्मिथला ओळखायचे ते पेजचा बदली म्हणून!

बदली कसला? त्याचा कर्व्हबॉल म्हणजे सरळ येतोय असं वाटेपर्यंत खाली वळलेला असायचा, त्या लीगमधला सगळ्यात भारी कर्व्ह त्याचाच असं बरोबरचे खेळाडू सांगायचे. १९३७ मध्ये शिकागो अमेरिकन जायंट्सला त्याने अख्ख्या मॅचमध्ये एक हिट (बॉल मारून बेस गाठणं) मिळू दिली नाही. १९३७ ते १९४२ सलग सहा वर्षं ऑलस्टार मॅचमध्ये, आणि वर बॅटिंगही चांगली. पुढे मेजर लीगची बंद दारं उघडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला मोनार्क्समध्ये घ्या म्हणून मालक विल्किन्सनकडे शब्द टाकला तोही यानेच असं सांगतात.

१९४७ ला रॉबिन्सन मेजर लीगमध्ये गेला तेव्हा स्मिथ चाळिशीचा. पुढच्या वर्षी पेज ४२ व्या वर्षी मेजर लीगमध्ये क्लीव्हलँडकडून खेळला, त्याच वर्षी स्मिथ रिटायर झाला. पेज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, १९७१ ला गेला, स्मिथ २००१ ला, आणि तो वारला १९८३ ला. म्हणजे अठरा वर्षं उशीर. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

२०२४ पासून नीग्रो लीगचे आकडे मेजर लीगच्या रेकॉर्डमध्ये धरतात, चांगलंच झालं, पण ते फक्त लीगच्या मॅचचे. गावोगावच्या त्या सहा-सहा इनिंग कुठल्याच हिशोबात नाहीत.

पेज मोठाच होता, त्यात वाद नाही. पण पुढच्या वेळी त्याच्यावर लिहाल तेव्हा चौथ्या इनिंगपासून कोण टाकत होतं तेही छापा, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक